काकांच्या घड्याळाने चला, गुहागर कुठे पळून जात नाहीये

या वेळचं पत्र पुण्याहून एका काकूंचं आहे. वय 67. पत्र चांगलं चार पानी आहे, इथे थोडक्यात देते.

"आमच्या यांना आठ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, वय 75, जोडीला शुगर. घरात काठी घेऊन चालतात, बाहेर हात धरावा लागतो. मुलगा सून नातू चार वर्षांनी परदेशातून येतायत डिसेंबरात, मुलगी जावई नाशिकहून येणार. सगळ्यांचं ठरलंय की गुहागरला व्याडेश्वराला जायचं, आमचं कुलदैवत, अभिषेक करायचा आणि तीन दिवस समुद्रावर राहायचं. मुलगा म्हणतो आई तू काही टेन्शन घेऊ नकोस, आम्ही आहोत ना. पण मला रात्री झोप लागत नाही. यांची गोळी जरा पुढेमागे झाली की जागच्या जागी खिळतात. रस्त्यात बाथरूमचं काय, घाटात उलटी झाली तर काय, तिकडे कमोड नसेल तर काय. आणि हे स्वतः म्हणतात, मला नका नेऊ, तुम्ही सगळे जाऊन या, मी राहतो घरी. हे खरंच म्हणतायत की माझी अडचण बघून म्हणतायत तेच कळत नाही. त्यांना घरी ठेवून गेले तर माझा जीव तिकडे लागणार नाही आणि नाही गेले तर मुलगा हिरमुसणार. त्यात व्हिडिओ कॉलवर नातू विचारतो, आजोबा माझ्यावर रागावलेत का, हसत का नाहीत. काय करू सांगा."

काकू, सगळ्यात आधी एक सांगते, तुमच्या पत्रात "काय" हा शब्द इतक्या वेळा आलाय ना, की मला वाटलं या बाईने निम्मी तयारी मनातल्या मनात करून टाकलीय, फक्त कुणी कागदावर उतरवून घेतली नाहीये. बाथरूमचं काय, घाटाचं काय, कमोडचं काय. तुमचे प्रश्न बरोबर आहेत. ते सगळे एकट्या तुमच्या डोक्यात आहेत, गडबड तिथे आहे.

माझे वडील याच आजाराचे होते, अकरा वर्षं. त्यामुळे यातलं थोडंफार वाचून आणि बरंचसं चुका करून शिकलेय, त्यातली एक मोठी चूक पुढे सांगतेच.

पहिलं म्हणजे काका. "मला नका नेऊ" याचा अर्थ तुम्ही अंदाजाने लावू नका, विचारा. पण कसं आणि कधी विचारायचं यात सगळं आहे. गोळीचा असर उतरलेला असताना, अंग जड, बोलणं पुटपुटल्यासारखं, अशा वेळी कुणालाही विचारलं की कोकणात येणार का तर तो नाहीच म्हणेल. गोळी घेऊन तासभर झालाय, चहा झालाय, चेहरा जरा मोकळा आहे, अशी वेळ बघा, आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर नको, मुलगी शेजारी नको, तुम्ही दोघंच बसा. आणि "येणार ना?" असं विचारू नका. "तिथे गेल्यावर तुम्हाला नेमकी कशाची धास्ती वाटते?" असं विचारा. मी पैज लावते की उत्तर समुद्राबद्दल किंवा प्रवासाबद्दल येणार नाही. सुनेसमोर हाताला कंप येऊन आमटी सांडली तर, रात्री कपडे ओले झाले तर, जावयाने उचलून बसवावं लागलं तर, असलं काहीतरी येईल. जो माणूस आयुष्यभर घर चालवत आला त्याला ही लाज मरणाची असते हो. आणि ती नीट कळली की उपाय बहुतेक वेळा साधे असतात. सांडायची भीती असेल तर काकांचं जेवण सगळ्यांच्या अर्धा तास आधी, खोलीत, वाटी-चमच्याने. त्यांना नंतर गप्पांना बसू दे ना पंगतीत, रिकाम्या हाताने.

आणि एवढं करूनही ते शांतपणे म्हणाले की नाही, मला खरंच नाही यायचं, मला दगदग नको, तर ते माना. ओढून नेऊ नका. मग पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस आठ दिवस आधीपासून लावा म्हणजे तो घरात रुळेल, शेजारी सांगून ठेवा, आणि तुम्ही जाऊन या दोन रात्री. हो, तुम्ही. आठ वर्षांत तुम्ही स्वतः कुठे गेलात हे पत्रात कुठेच नाहीये, ते मी बरोबर हेरलंय. पण माझा अंदाज असा की नीट विचारलंत तर ते यायला तयार होतील, म्हणून पुढचं सगळं ते येणार आहेत असं धरून लिहिते.

आता मुद्द्याची गोष्ट. तुमच्या मुलाने जो प्लॅन केलाय तो मला न बघताच माहितीये. पहाटे पाचला निघायचं, नाश्ता वाटेत, दुपारी जेवायला गुहागर, संध्याकाळी बीच, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अभिषेक, मग हेदवी, वेळणेश्वर, तिसऱ्या दिवशी परत. धडधाकट माणसांसाठी झकास आहे. काकांसाठी यातलं एकही टायमिंग चालणार नाही, कारण काकांचं शरीर चालतं लेवोडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाच्या गोळीवर आणि गोळीचं घड्याळ वेगळं आहे. तुम्ही लिहिलंय त्यांच्या गोळ्या सात, अकरा, तीन, सात अशा आहेत. गोळी घेतल्यावर अर्ध्यापाऊण तासाने अंग सुटायला लागतं, दोनअडीच तास बरे जातात, मग पुन्हा उतरती. सगळ्यांचं अगदी असंच नसतं, पण काकांचं कसं आहे ते तुम्हाला पाठ असणार. तर आधी आठ दिवस एका वहीत लिहा, गोळी किती वाजता, चालणं कितीला सुधारलं, कितीला पुन्हा खिळले. त्या वहीवर ट्रिप बसवा. ट्रिपमध्ये गोळ्या कोंबू नका.

उदाहरण म्हणून बघा. पुण्याहून गुहागर साताऱ्याच्या रस्त्याने, उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि मग गुहागर, सगळं मिळून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मॅप सहा तास दाखवेल, तुम्ही आठ धरा. सातची गोळी घरी, कमोड वगैरे सगळं उरकून आठ-सव्वाआठला निघा. वाटेत दोनदा थांबत अकराच्या सुमारास उंब्रज-पाटणच्या पट्ट्यात याल, तिथे अकराची गोळी पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, आणि अर्ध्या तासाने हलकं जेवण. जेवणात डाळ, पनीर, उसळ, अंडी असलं प्रोटीनवालं फार नको, कारण प्रोटीन आणि ही गोळी आतड्यात एकाच दरवाजातून आत जायला धडपडतात आणि गोळी मागे राहते. लिंबू घालून भात, थोडी भाजी, बस. प्रोटीन रात्रीच्या जेवणात घ्या. मग घाट अशा वेळी येतो जेव्हा काका बऱ्यातले बरे असतात. दोनअडीचला चिपळूण. आणि माझं ऐकाल तर त्या दिवशी तिथेच मुक्काम करा, गुहागर पुढे 45 किलोमीटर आहे, ते दुसऱ्या दिवशी सकाळी आरामात. मुलगा म्हणेल एक दिवस वाया गेला. म्हणू दे.

गाड्या दोन करा, हे फार महत्त्वाचं. एका गाडीत नातू, त्याचा दंगा, त्याच्या उलट्या, त्याचे वडापाव. दुसरीत काका, तुम्ही, मुलगा आणि मदतनीस. काकांची गाडी पाहिजे तिथे थांबेल आणि कुणीही "अजून किती वेळ" असं म्हणणार नाही. एका गाडीत सगळे कोंबले की काका लघवीला थांबा म्हणायला लाजतात, म्हणून मग पाणीच पीत नाहीत, हे मी वडिलांच्या बाबतीत डोळ्याने पाहिलंय. पाणी नाही प्यायलं की बद्धकोष्ठ, ते या आजारात आधीच असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे उठून उभं राहताना बीपी पडतं आणि माणूस गाडीतून उतरता उतरता कोसळतो. म्हणजे बघा, पडले कशामुळे तर गाडीत लाज वाटली म्हणून. तेव्हा युरिन पॉट गाडीत ठेवा, झाकणाचा, जाड टॉवेल आडोशाला, प्रवासापुरती डायपर पँट घालायची का ते काकांनाच ठरवू दे. दर दीड तासाला थांबायचं, लागो न लागो. उतरताना आधी पाय बाहेर, मग एक मिनिट बसून राहायचं, मग उभं राहायचं. घाई करणाऱ्याला दुसऱ्या गाडीत पाठवा.

गाडीत बसवायची एक युक्ती. पुढच्या सीटवर एक जाड प्लॅस्टिकची पिशवी पसरा, साडीच्या दुकानात मिळते ना तसली गुळगुळीत, काका आधी पाठमोरे सीटवर बसतील, मग दोन्ही गुडघे एकत्र धरून अख्खं अंग पिशवीवर गर्रकन पुढे वळतं, ओढाताण नाही. वळून झालं की पिशवी काढून घ्यायची हं, नाहीतर ब्रेक मारल्यावर पुढे सरकतील. आणि चालत्या गाडीत चिवडा, शेंगदाणे, फुटाणे काही खायला देऊ नका, गिळायचा त्रास या आजारात हळूच सुरू झालेला असतो, थांबून, ताठ बसून खाऊ दे.

आता माझी चूक. वडिलांना घेऊन आम्ही कोल्हापूरहून आंबा घाटाने गणपतीपुळ्याला गेलो होतो. घाटात त्यांना मळमळायला लागलं, आमच्यातल्या एकाने पर्समधली उलटीची गोळी दिली, वर कौतुक पण केलं सगळ्यांनी की बघा किती तयारीने आलाय. उलटी थांबली. संध्याकाळपर्यंत वडील लाकडासारखे ताठ. कुशीवर वळता येईना, घास गिळता येईना, लाळ गळतेय. आम्ही म्हटलं प्रवासाचा शीण. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांना फोन लावला तर त्यांचा पहिला प्रश्न, "गोळी कुठली दिलीत?" उलटीवरच्या बऱ्याच नेहमीच्या गोळ्या मेंदूतल्या डोपामीनलाच, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या रसायनालाच, अडवतात आणि पार्किन्सन्समध्ये मुळात कमतरता त्याचीच असते. मेटोक्लोप्रमाइड म्हणजे पेरिनॉर्म, प्रोक्लोरपेरझिन म्हणजे स्टेमेटिल, चक्कर आली की सर्रास देतात ती सिनरिझिन म्हणजे स्टुजेरॉन, या काकांच्या जवळपास येऊ द्यायच्या नाहीत. तुमच्या न्यूरोलॉजिस्टना आत्ताच विचारा की मळमळलं तर काय द्यायचं. डोंपेरिडोन बहुतेक जणांना चालते पण हृदयाचं काही असेल तर तीही विचारूनच, म्हणून ते उत्तर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठीवर घ्या. माझ्या वडिलांना पूर्ववत व्हायला तीन दिवस लागले आणि देवदर्शन राहिलंच.

ती चिठ्ठी एका मोठ्या कागदाचा भाग करा. कागदावर नाव, वय, आजार, सगळ्या गोळ्या वेळेसकट, "ही औषधं देऊ नयेत" असं लाल पेनने ठळक, डॉक्टरांचा फोन, मुलाचा फोन. तीन कॉप्या. एक तुमच्या पर्समध्ये, एक काकांच्या खिशात, एक गाडीच्या कप्प्यात, शिवाय सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फोटो. गुहागरात काही झालं तर मोठं हॉस्पिटल म्हणजे चिपळूण किंवा त्याच्या पुढे डेरवणचं वालावलकर, गुहागरहून तास-दीड तास तरी धरा. 108 ची ॲम्ब्युलन्स फुकट असते, पण घाटात मध्येच रेंज जाते तेव्हा दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं गाडीत असू द्या. काका 75 चे आहेत तर आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे हॉस्पिटलच्या खर्चासाठीचं सरकारी कार्ड, काढलंय का? 70 च्या पुढच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, 2024 च्या ऑक्टोबरपासून सुरू झालंय. नसेल तर काढून ठेवा, ट्रिप असो नसो.

गोळ्या दुप्पट न्या. सहा दिवसांची ट्रिप तर बारा दिवसांच्या, आणि दोन वेगळ्या बॅगांत, कारण बॅग विसरणं ही आपल्याकडे घराघरातली परंपरा आहे. लहान गावातल्या मेडिकलमध्ये लेवोडोपा मिळेलही पण तुमच्याच स्ट्रेंग्थची मिळेल असं नाही, आणि ही गोळी एकदम बंद पडणं धोक्याचं असतं, नुसतं अंग आखडून भागत नाही, ताप चढून हॉस्पिटल गाठावं लागू शकतं. इन्शुलिन असेल तर थर्मासमध्ये, बर्फाला चिकटून नाही, डॅशबोर्डवर तर नाहीच. आणि जेवणाआधीचं इन्शुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नका. कोकणात घरगुती खानावळीत "पाच मिनिटात वाढते" म्हणजे पाऊण तास असतो, प्रेमाने सांगतेय, मी माहेरची तिथलीच आहे.

राहायची जागा. फोटोत समुद्र छान दिसतो त्यावर जाऊ नका, बाथरूमचा फोटो मागवा. घरमालकाला सरळ फोन करून म्हणा, आमच्याकडे पेशंट आहे, बाथरूमच्या दारात उभं राहून व्हिडिओ काढून पाठवा. भली माणसं असतात, पाठवतात. त्यात बघायचं काय तर कमोड आहे का, तळमजला आहे का, पलंगापासून कमोडपर्यंत किती पावलं, उंबरठा किती उंच, पलंग फार खोल तर नाही. कमोड नसेल तर घडीची कमोड-खुर्ची पुण्याहून भाड्याने न्या, वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळते, व्हीलचेअर पण तिथेच. रबरी मॅट, एक रात्रीचा दिवा, आणि काकांची स्वतःची चादर-उशी न्या. हसू नका, नव्या जागेत रात्री दोनला जाग आली की या पेशंटना कुठे आहोत तेच कळत नाही, कधी खोलीत कुणीतरी उभं आहे असंही दिसतं, तेव्हा ओळखीच्या गोधडीचा हाताला स्पर्श झाला तरी फरक पडतो.

दारात खिळणं हे पण होणार. घरात होत नसलं तरी तिथे होईल कारण अरुंद दार, उंबरठा, नवीन जागा. तेव्हा कुणीही हात ओढायचा नाही, मागून ढकलायचं तर अजिबात नाही. उंबरठ्याच्या अलीकडे रंगीत चिकटपट्टीची एक आडवी पट्टी मारून ठेवा, काकांना म्हणा ही पट्टी ओलांडा, किंवा ताल धरा, एक-दोन, एक-दोन, लेझीम खेळल्यासारखं. पाऊल सुटतं. का सुटतं ते डॉक्टर जास्त चांगलं सांगतील, मेंदू आपोआप चालायची वाट विसरतो पण समोर खूण दिसली किंवा ताल ऐकू आला की दुसऱ्या वाटेने हुकूम पोचवतो असं काहीसं आहे. माझे वडील शाळामास्तर होते, त्यांना "दक्ष! सामने चल!" म्हटलं की चालायला लागायचे, आम्हाला हसू यायचं आणि त्यांनाही.

अभिषेकाचं बोलू. व्याडेश्वराचं देऊळ गावातच आहे, डोंगर चढायचा नाही, गाडी जवळ जाते, हे तुमचं नशीब चांगलं. पण सकाळी सहाची वेळ घेऊ नका. गुरुजींना आधी फोन करून साडेआठची मागा आणि सगळं खरं सांगा. काका पाटावर बसू शकत नाहीत, खुर्ची लागेल. सोवळं नेसवणं म्हणजे वीस मिनिटांची कुस्ती आहे, तर स्वच्छ धोतर घरूनच शिवून घ्या वेल्क्रो लावून किंवा लेंग्यावर उपरणं घ्या, देव काही नाड्या मोजत बसत नाही. मुलगा-सून पाटावर बसतील, काका शेजारी खुर्चीत, मुलाच्या हाताला हात लावून "मम" म्हणतील तेवढं पुरे. आणि गुरुजींना सांगा लघुरुद्र वगैरे नको, अर्ध्यापाऊण तासात आटपा.

हेदवी-वेळणेश्वर तरुण मंडळी करून येतील. काकांनी त्या वेळी सुरूच्या झाडांखाली खुर्ची टाकून बसावं. वाळूत व्हीलचेअर ढकलायचा हट्ट कुणाला करू देऊ नका, चाकं रुततात आणि सगळे मिळून उचलायला जातात आणि मग कुणाची तरी पाठ जाते.

आता "आम्ही आहोत ना". काकू, हे वाक्य मी फार ऐकलंय. ते खोटं नसतं, पण ते कामाचंही नसतं. मुलाला विचारा, शनिवारी रात्री दोन वाजता बाबांना बाथरूमला कोण नेणार, नाव सांग. रविवारी सकाळी अंघोळ कोण घालणार. तीनची गोळी कुणाच्या मोबाईलच्या अलार्मवर आहे. नाव आणि वेळ, एका कागदावर, आणि त्या कागदावर तुमचं नाव निम्म्याहून कमी वेळा आलं पाहिजे. एक रात्र तुम्ही वेगळ्या खोलीत झोपा, मुलीबरोबर. दार लावून. घरी ब्युरोचा कुणी मदतनीस येत असेल तर त्याला बरोबर न्या, जास्तीचे पैसे, वेगळी झोपायची जागा, तुमच्याबरोबरचंच जेवण, हे आधी बोलून घ्या. त्याला दारात पथारी टाकायला लावणारी घरं मी पाहिलीत, तसं करू नका.

आणि मुलगा चार वर्षांनी येतोय हे विसरू नका. त्याच्या डोक्यातले बाबा चार वर्षांपूर्वीचे आहेत. आल्या आल्या ट्रिपला नेऊ नका, मध्ये आठवडा जाऊ द्या, आणि त्या आठवड्यात एक अख्खा दिवस, सकाळी सात ते रात्री दहा, काकांचं सगळं त्याला करू द्या. तुम्ही हॉलमध्ये पेपर वाचत बसा, मध्ये बोलू नका. शर्टाच्या बटणाला पंधरा मिनिटं लागतील, तो घामाघूम होईल, होऊ दे. त्या रात्री तो स्वतःहून ट्रिपचा प्लॅन बदलेल, तुम्हाला भांडावंच लागणार नाही.

मग रंगीत तालीम. ट्रिपच्या पाचसहा दिवस आधी त्याच गाडीत, त्याच माणसांबरोबर, अर्ध्या दिवसाची फेरी करा. केतकावळ्याच्या प्रतिबालाजीला जाऊन या, रस्ता सातारचाच आहे, काय चुकतंय ते तिथेच कळेल. पिशवीवरून वळणं जमतं का, युरिन पॉट गाडीत वापरता येतो का, अकराची गोळी वेळेत दिली गेली का की गप्पांत राहिली. घरापासून तासाभरावर चुका केलेल्या बऱ्या. त्या आठवड्यात औषधात काहीही नवीन सुरू करू नका, डॉक्टरांना भेटायचं ते आत्ता, महिनाभर आधी. आणि 25 डिसेंबर ते 1 जानेवारी कोकण नको, त्या आठवड्यात तिथे रस्त्यावर गाड्या आणि बाथरूमसमोर रांगा असतात. आधीचा आठवडा घ्या, मधले वार.

परत फिरायचं कधी हेही आधीच ठरवा, शांतपणे, घरात बसून. ताप आला, दोनदा पडले, गोळी पोटात ठरत नाहीये, यातलं काहीही झालं तर सातारा असो की चिपळूण, डॉक्टर गाठायचा आणि काकांची गाडी पुण्याला, बाकीच्यांनी पुढे जायचं. आधी ठरलेलं असलं की त्या वेळी रडारड होत नाही.

नातवाचं राहिलं. त्याला खरं सांगा, त्याच्या भाषेत. की आजोबांच्या चेहऱ्याचे स्नायू आळशी झालेत, हसू आत असतं पण बाहेर यायला उशीर लागतो, आवाजही बारीक झालाय. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर समजतं. त्याला एक काम द्या, तीनच्या गोळीचा अलार्म त्याच्याकडे, तो वाजला की आजोबांना पाणी नेऊन द्यायचं. आणि आजोबांना काही विचारलं की उत्तरासाठी मनात दहा आकडे मोजायचे, मध्ये बोलायचं नाही. हे खरं म्हणजे तुमच्या जावयालाही सांगा.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तुम्हाला माहिती असेल कदाचित. तिथे पेशंट न म्हणता शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. ते लोक त्यांच्या शुभार्थींना घेऊन सहली काढतात. एकदा दोघं जाऊन बसा मीटिंगला, ज्यांनी हे सगळं केलंय अशा चार बायका तुम्हाला भेटतील आणि माझ्या या लांबलचक पत्रात जे राहिलंय ते चहा पिता पिता सांगतील. काकांनाही तिथे आपल्यासारखेच हात थरथरणारे लोक दिसतील, मग सुनेसमोर आमटी सांडायची भीती थोडी कमी होते, माझ्या वडिलांची झाली होती.

आणि हो, तुमचे स्वतःचे गुडघे दुखतात असं पत्रात शेवटी कंसात लिहिलंयत, कंसात! तुमची बीपीची गोळी, गुडघ्याचा पट्टा आणि चष्म्याची जोडी आधी बॅगेत टाका, काकांच्या सामानाच्याही आधी. पुढची सीट काकांना द्यायची ठरलीच आहे, तर मागे खिडकीची जागा तुम्ही आत्ताच सांगून ठेवा, नंतर दुसरं कुणीतरी पटकावेल.